उधाणाचे दिवस किनाऱ्यावर काढा

दिवाळीची चाहूल लागली की मालवण-तारकर्लीच्या स्कुबावाल्यांचे फोन दिवसभर वाजत राहतात. पाडवा, भाऊबीज आणि त्यांच्या पुढचे दोन दिवस सर्वांत आधी भरतात. पंचांगाकडे मात्र कुणी बघत नाही. लक्ष्मीपूजन अमावास्येचे, आणि अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी उधाण सर्वांत मोठे. होळी तर पौर्णिमेचीच. म्हणजे गर्दीचे आपले दोन्ही मोठे सण दरवर्षी उधाणातच येतात. भरती-सुकतीची ओढ वाढते, तळचा गाळ उठतो, कर्ली आणि कोळंबच्या खाड्यांचे गढूळ पाणी ओहोटीबरोबर बाहेर पडते. त्यात दुपारचा वायव्येचा वारा चढला, की सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती पाण्याखाली हातभर अंतरावरचेही धड दिसत नाही.

अशा दिवशी पर्यटकाला पाण्यात उतरवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे येणारे बहुतेक जण आयुष्यात पहिल्यांदाच रेग्युलेटर तोंडात धरतात. प्रशिक्षकाला त्यांचे डोळे दिसले नाहीत, खुणा कळल्या नाहीत, तर घाबरलेला माणूस कधी झटकन वर सुटेल सांगता येत नाही. लाटेचा हेलकावा बसला की तो हाताला लागेल ते धरतो, आणि हाताला लागते ते प्रवाळ. हंगाम ऑक्टोबर ते मे एवढाच; बोटीचे आणि कॉम्प्रेसरचे हप्ते बारा महिने चालू असतात, हे आम्ही जाणतो. म्हणूनच आयत्या वेळी नकार देण्याची पाळी येऊ नये. बुकिंग घेतानाच तिथी बघा, फोनवर मोकळेपणाने सांगा, शक्य असेल त्याला अष्टमीच्या आसपासचा, भांगाचा दिवस सुचवा.

आणि जे आले आहेत, त्यांचे काय? उधाणात पाणी जितके वर चढते तितकेच खालीही उतरते. आपल्या किनाऱ्यावर या दिवसांत मोठी सुकती पहाटे आणि संध्याकाळी लागते, आणि एरवी पाण्याखाली असणारे खडक तास-दोन तास उघडे पडतात. रॉक गार्डनखालच्या खडकांत तेव्हा जरा वाकून बघा. डबक्यात फुलासारखी उमललेली समुद्रफुले, शंख पाठीवर घेऊन चाललेले खेकडे, दगडाला घट्ट चिकटलेली कालवे, फटीत दडून रंग बदलणारा माकूळ. डोळा सरावला की छोटी सागरी गोगलगायही सापडते. मुंबईत ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमाने २०१७ पासून अशाच ओहोटीच्या फेऱ्या काढून हजारो शहरी माणसांना खडकांवर आणले. तिथले पाणी काही मालवणपेक्षा नितळ नाही. मग १९८७ पासून सागरी अभयारण्य असलेल्या या किनाऱ्यावर आपण का मागे राहावे? मासे ओळखणारे, पाणी वाचणारे लोक आपल्याकडेच तर आहेत.

फेरीचे नियम थोडेच. पायात बूट हवेत, कारण कालवांच्या कडा पाय चिरतात. उचललेला दगड होता तसाच ठेवायचा, जिवंत काहीही घरी न्यायचे नाही. पाणी फिरले की लगेच मागे. माणसे मोजून नेली तशी मोजून परत आणायची.

उरलेला दिवस सैल सोडा. पर्यटकांना सुरूच्या सावलीत लोळू द्या, चिवल्यावर रापण लागली असेल तर दोरीला हात लावू द्या. आपल्या पोरांनाही झोपू द्या. दिवसभर पुन्हा पुन्हा खाली-वर करून त्यांच्या कानांवर किती ताण पडतो, हे वेगळे सांगायला नको. सर्दी झालेली असतानाही ती बोलत नाहीत, कारण फेरीवर पैसे असतात. सुट्टीच्या दिवसाची निम्मी तरी मजुरी त्यांना मिळालीच पाहिजे. किनाऱ्याच्या फेरीचे रास्त शुल्क घेतले तर ती सहज निघेल.

या अंकाच्या शेवटच्या पानावर मेअखेरपर्यंतच्या तिथी आणि सुकतीच्या वेळा छापल्या आहेत. उधाणाचे दिवस निळ्या चौकटीत आहेत. पान कापून बुकिंगच्या वहीत चिकटवावे आणि भाऊबीजेच्या आठवड्यापासून सुरुवात करावी.