ज्यांनी पाहिला त्यांना आवडला, मग 'फ्युरिओसा' पडला कसा?

"कसा आहे पिक्चर?"
"एक नंबर. मोठ्या पडद्यावरच बघ."
"बरं, ओटीटीवर आला की बघतो."

मे २०२४ मध्ये 'फ्युरिओसा : अ मॅड मॅक्स सागा' रिलीज झाला तेव्हा असं चॅट तुमच्याही एखाद्या ग्रुपवर झालं असेल. या तीन ओळींत त्या सिनेमाचं सगळं दुखणं आलं. समीक्षकांनी कौतुक केलं, बघून आलेल्यांनी कौतुक केलं, सोशल मीडियावर क्लिप्स फिरल्या. आणि तिकीटबारीवर सिनेमा आपटला.

आकडे बघा. सिनेमाचं बजेट सुमारे १६ कोटी ८० लाख डॉलर. जगभरातली कमाई १७ कोटी डॉलरच्या थोडी वर. वरवर पाहिलं तर पैसे वसूल झाले असं वाटतं. पण तिकिटाच्या पैशातला साधारण निम्मा वाटा थिएटरवाल्यांकडे राहतो आणि जाहिरातीचा खर्च बजेटमध्ये धरलेला नसतो. म्हणजे हा व्यवहार सरळ तोट्याचा.

मग लोकांचं मत चुकलं, की मत मोजण्याची पद्धत? समजून घेऊ.

आधी थोडी पार्श्वभूमी

जॉर्ज मिलर हे ऑस्ट्रेलियातले डॉक्टर. इमर्जन्सी विभागात काम करताना त्यांनी अपघाताचे पेशंट जवळून पाहिले होते. १९७९ मध्ये त्यांनी चार लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपासच्या खर्चात 'मॅड मॅक्स' बनवला आणि त्याने जगभरात १० कोटी डॉलरहून जास्त कमावले. १९८१ आणि १९८५ मध्ये पुढचे भाग आले. कोसळलेलं जग, वाळवंट, आणि पेट्रोल-पाण्यासाठी एकमेकांच्या जिवावर उठलेल्या टोळ्या. या प्रकारच्या सिनेमांचा साचाच या मालिकेने घालून दिला.

मग थेट ३० वर्षांनी, २०१५ मध्ये 'फ्युरी रोड' आला. चार्लीझ थेरॉनने साकारलेली फ्युरिओसा खुद्द मॅक्सपेक्षा जास्त गाजली. सिनेमाने सहा ऑस्कर जिंकले. याच फ्युरिओसाचं बालपण आणि तारुण्य म्हणजे २०२४ चा सिनेमा. यात ती भूमिका ॲन्या टेलर-जॉयने केली आणि क्रिस हेम्सवर्थ डिमेंटस नावाचा खलनायक झाला.

प्रेक्षक नेमकं काय म्हणाले?

बघून आलेल्यांचं बऱ्याच गोष्टींवर एकमत होतं. 'थॉर'चा गोडवा बाजूला ठेवून हेम्सवर्थने केलेला बडबड्या, हास्यास्पद आणि तरीही क्रूर डिमेंटस लोकांना आवडला. लहानपणीची फ्युरिओसा झालेल्या अलायला ब्राऊनचंही कौतुक झालं. आणि धावत्या वॉर रिगवरच्या हल्ल्याचा सीन तर जवळपास प्रत्येकाच्या तोंडी होता. सुमारे १५ मिनिटांचा हा सीन शूट करायला ७८ दिवस लागले होते.

तक्रारीही होत्या आणि त्या बिनबुडाच्या नव्हत्या. 'फ्युरी रोड' दोन तासांचा, एका दमात पळणारा पाठलाग होता. 'फ्युरिओसा' १४८ मिनिटांचा आहे, पाच प्रकरणांत विभागलेला आहे आणि अनेक वर्षांची गोष्ट सांगतो. पुन्हा तोच वेग मिळेल म्हणून गेलेल्यांना तो लांबलेला वाटला. शेवटी तर चाळीस दिवसांचं युद्ध काही क्षणांत उरकलं जातं, त्यावर काहीजण वैतागले. "ती पुढच्या सिनेमात आहे म्हणजे मरणार नाहीच, मग धाकधूक कसली?" हा प्रीक्वेलला विचारला जाणारा प्रश्नही आलाच.

थेरॉन का नाही, अशीही कुरकुर होती. मिलर यांनी तंत्रज्ञानाने तिचं वय कमी दाखवायचा विचार केला होता, पण ते पडद्यावर खरं वाटत नाही म्हणून सोडून दिला.

'सीजीआय खोटं वाटतं' यात किती दम?

२०२३ च्या अखेरीस ट्रेलर आला तेव्हापासून ही तक्रार सुरू झाली. "फ्युरी रोडमध्ये सगळं खरंखुरं होतं, इथे सगळं कॉम्प्युटरवर केलंय," असा सूर होता.

हे अर्धसत्य आहे. 'फ्युरी रोड'मध्येही दोन हजारांच्या आसपास शॉट्सवर व्हिज्युअल इफेक्ट्सचं काम झालं होतं. गाड्या आणि स्टंट खरे होते, आकाश, वादळ, पार्श्वभूमी यांत भरपूर भर घातलेली होती. उलट 'फ्युरिओसा'तही स्टंट करणाऱ्यांची मोठी फौज प्रत्यक्ष राबली. तरीही नव्या सिनेमात काही ठिकाणी बनावटपणा डोळ्यांना जाणवतो, हेही खरंच. पण दोन मिनिटांच्या ट्रेलरवरून जे मत बनलं, ते पूर्ण सिनेमा येईपर्यंत पक्कं होऊन बसलं होतं.

९० टक्के म्हणजे नक्की किती?

रॉटन टोमॅटोजवर समीक्षक आणि प्रेक्षक या दोन्हींकडे 'फ्युरिओसा'चा आकडा ९० टक्क्यांच्या आसपास आहे. अनेकजण याचा अर्थ 'शंभरपैकी नव्वद मार्क' असा लावतात. तसं नाही. शंभरपैकी नव्वद जणांनी 'आवडला' म्हटलं, एवढाच त्याचा अर्थ. त्यात 'ठीक आहे, बघा' म्हणणाराही आला आणि 'आयुष्यातला सर्वोत्तम' म्हणणाराही आला.

अमेरिकेत आणखी एक मोजमाप आहे, सिनेमास्कोर. सिनेमाच्या सुरुवातीच्या शोला आलेल्या प्रेक्षकांकडून तिथेच मत घेतलं जातं आणि त्यावरून ग्रेड दिली जाते. 'फ्युरिओसा'ला मिळाली बी प्लस. आणि २०१५ मध्ये 'फ्युरी रोड'ला? तीच, बी प्लस.

म्हणजे आलेल्या प्रेक्षकांचं मत दोन्ही वेळी सारखंच होतं. तरी 'फ्युरी रोड'ने ३८ कोटी डॉलरच्या आसपास कमावले आणि 'फ्युरिओसा'ने त्याच्या निम्म्याहूनही कमी. दोन्ही मोजमापांत मत फक्त आलेल्यांचं नोंदलं जातं. जो घरीच बसला, त्याचं मत कुठल्याच आकड्यात दिसत नाही.

मग न आलेले कोण होते?

'फ्युरी रोड'च्या यशाकडे पुन्हा बघावं लागेल. तोही काही तुफान चाललेला सिनेमा नव्हता. अमेरिकेत पहिल्याच विकेंडला त्याला 'पिच परफेक्ट २'ने मागे टाकलं होतं. त्याची खरी कीर्ती नंतर वाढली. लोकांनी तो घरी पाहिला, ऑस्कर मिळाले, मीम्स झाली, 'दशकातले सर्वोत्तम सिनेमे' अशा याद्यांत तो येत राहिला. ऑनलाइन प्रेम प्रचंड होतं, पण त्यातले बरेच जण तिकीट काढून आलेले नव्हतेच.

त्यात नऊ वर्षांचं अंतर पडलं. 'फ्युरी रोड'च्या पैशांवरून मिलर यांची कंपनी आणि वॉर्नर ब्रदर्स यांच्यात कोर्टकचेरी झाली, त्यातही वेळ गेला. नावात 'मॅड मॅक्स' आहे आणि मॅक्स मात्र जेमतेम एका झलकेपुरता. ज्यांनी आधीचा भाग पाहिला नव्हता, त्यांना हा प्रीक्वेल का बघावा हेच कळेना.

'हल्ली थिएटरला कोणी जातच नाही' हे खरं?

'फ्युरिओसा'चा पहिला आठवडा म्हणजे अमेरिकेतला मेमोरियल डेचा लाँग विकेंड. चार दिवसांत तिथे त्याने कमावले सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर. थिएटर्स बंद असलेलं २०२० सोडलं, तर जवळपास तीन दशकांत त्या विकेंडचा पहिल्या नंबरचा सिनेमा इतका थंड नव्हता. लगेच 'थिएटर संपलं'च्या पोस्ट्स आल्या.

पण तीनच आठवड्यांनी 'इनसाइड आऊट २' आला आणि त्याने जगभरात १६० कोटी डॉलरहून जास्त कमावले. लोक जातात. फक्त वर्षातून मोजक्या वेळा जातात आणि ज्याची खात्री आहे, ज्याला अख्खं घर नेता येईल, त्यालाच जातात. बाकीच्यांसाठी उत्तर ठरलेलं आहे : ओटीटी. 'फ्युरिओसा' तर अमेरिकेत महिन्याभरातच घरी बघायला उपलब्ध झाला. थांबणाऱ्याला थांबल्याचं बक्षीसच मिळालं.

यात आपलं काय गेलं?

रिलीजच्या वेळी मिलर ७९ वर्षांचे होते. मॅक्सची आणखी एक गोष्ट आपल्याकडे तयार आहे, असं ते सांगत आले आहेत. ती पडद्यावर येणं 'फ्युरिओसा'च्या यशावर बरंच अवलंबून होतं. ऑस्करमध्येही या सिनेमाला एकही नामांकन मिळालं नाही.

'फ्युरिओसा'ला पुढे 'फ्युरी रोड'सारखी कीर्ती मिळेलही. दहा वर्षांनी त्याचेही रील्स फिरतील, "तेव्हा लोकांना कळला नाही" अशा पोस्ट्स येतील. पण पुढच्या सिनेमाला पैसे द्यायचे की नाही, हे स्टुडिओ त्या पोस्ट्स वाचून ठरवत नाही.

मराठी सिनेमाबाबत हे गाऱ्हाणं आपण नेहमीच ऐकतो. हजार कोटींच्या घरातल्या हॉलिवूडपटाचंही तेच झालं, एवढंच. एखाद्या सिनेमाबद्दल तुम्ही "भारी आहे, नंतर बघू" म्हणता, तेव्हा स्टुडिओच्या हिशोबात त्यातलं "भारी आहे" धरलं जात नाही. धरलं जातं ते फक्त "नंतर बघू".