कॅमेऱ्याचे सेल घेताना

गुडघेदुखीमुळे कुठेच न जाणाऱ्या सासूबाई यंदा पन्हाळ्याला आल्या. तीन दरवाज्यापाशी पदर सावरून उभ्या राहिल्या आणि नेमका कॅमेरा बंद! टपरीवरचे दोन पेन्सिल सेल घातले, तर दोन फोटोंत तेही संपले. टपरीवाल्याची चूक नव्हती बरं का. ते साधे सेल भिंतीवरच्या घड्याळाला ठीक. कॅमेऱ्याला, त्यातून फ्लॅश लावला की, एकदम पुष्कळ वीज लागते.

भगिनींनो, पेन्सिल सेलवरचा डिजिटल कॅमेरा असेल, तर चार्जिंगचे 'निकेल मेटल हायड्राइड' सेल घ्या. त्यांवर १.५ ऐवजी १.२ व्होल्ट दिसेल. बिचकू नका, भार पडला तरी ते दम धरतात. २००० ते २५०० एमएएच पुरे. ३५०० छापलेले असतील तर खुशाल परत ठेवा. एवढ्याशा सेलात तेवढं मावतच नाही! जुना-नवा एकत्र घालू नये. पडून राहिले की उतरतात, म्हणून आदल्या रात्री चार्ज करावेत. साधे सेल मात्र चार्जरला कधीच लावू नका, फुटायची भीती असते.

चपटी बॅटरी असेल तर जुनी सोबत नेऊन नंबर नि व्होल्ट जुळवा. जादा सेल पर्समध्ये चिल्लरीत टाकू नका, तापतात; डबीत ठेवा.

आमच्या डबीत आता चार सेल तयार आहेत. सासूबाई पुन्हा यायला राजी होतात का, ते बघायचं.