दगडावरची तिथी

डेव्हन ॲव्हेन्यूवर गेलो की आम्हां उभयतांचं एक ठरलेलं भांडण होतं, पार्किंगवरून. त्या शनिवारी जागा शोधता शोधता वेस्टर्न ओलांडून पूर्वेला इतके पुढे गेलो, की गाडी लागली ती थेट रिज ॲव्हेन्यूजवळ, सेंट हेन्री चर्चपाशी. शेजारी जुनी दफनभूमी. इतकी वर्षं डाळ-तांदूळ न्यायला येतोय, पण आत कधी पाऊल टाकलं नव्हतं.

आत पाहतो तर जुने दगड जर्मन भाषेत! एकोणिसाव्या शतकात लक्झेंबर्ग आणि जर्मनीहून आलेले शेतकरी या भागात भाजीपाला पिकवीत. म्हणजे भाजी विकणारे परदेशी इथे आपल्या आधीही होते तर. एका दगडावर ‘गेस्ट.’ एवढंच लागलं. सौ. म्हणाली, ‘‘पाहुणा?’’ घरी येऊन शब्दकोश काढला. ‘गेश्टोर्बन’चं ते लघुरूप, म्हणजे मृत्यू पावला. (पाहुणा काही अगदीच चूक नव्हतं म्हणा.) अक्षरांचं वळणही जुनं, गॉथिक. आजोबांची मोडी दप्तरं पाहताना आपली होते तीच गत यांच्या पणतवंडांची होत असणार.

मग आम्हांला नादच लागला. संगमरवर आणि चुनखडीचा दगड आम्लयुक्त पावसात हळूहळू विरघळतो, आणि कोळशाच्या धुराला शिकागोत कधी तोटा नव्हता. ग्रॅनाइट मात्र टिकतो. पुसट अक्षर वाचायला ऊन तिरपं हवं. समोरून ऊन आलं की सगळं सपाट दिसतं. बाजूनं आलं की खाचेत सावली धरते आणि अक्षर उठतं. दगड सावलीत असेल तर मोठा आरसा धरून ऊन बाजूनं त्याच्यावर पाडायचं. काही लोक पीठ किंवा शेव्हिंग क्रीम चोळतात, तारेच्या ब्रशनं घासतात. ते मुळीच करू नये. पापुद्रा सुटतो आणि उरलंसुरलं अक्षरही जातं.

हे सगळं कोजागिरीला दुधाच्या पेल्याबरोबर रंगवून सांगत होतो. ऐकणाऱ्या एक मावशी नंतर बाजूला येऊन म्हणाल्या, ‘‘माझा एक दगड वाचून द्याल?’’

मावशींची पहिली मुलगी अकरा दिवसांची होऊन गेली, १९७१ साली. तान्ह्या बाळाला आपल्याकडे पुरतात, तसंच इथेही केलं. दगड काकांनी एकट्यानं जाऊन करवून घेतला, कागदावर देवनागरी काढून देऊन. मावशी तेव्हा अंथरुणावर होत्या. पुढे काका गेले. आता मावशी मुलाकडे टेक्सासला कायमच्या निघाल्यात.

रविवारी नातवाला घेऊन आम्ही गेलो. लहानसा, जमिनीलगत बसवलेला संगमरवरी दगड. कोरणाऱ्याला लिपी ठाऊक नव्हती. शिरोरेघ अक्षरागणिक तुटलेली. न्हाणीघरातला आरसा नातवानं धरला. ‘शके १८९३’ लागलं, ‘मार्गशीर्ष शु.’ लागलं. पुढचा आकडा काही केल्या लागेना. पाच की सहा? आम्ही गुडघे टेकून दोन्ही बाजूंनी पाहिलं. खालचं वळण झिजून गेलेलं.

‘‘सहा,’’ मावशी मागून म्हणाल्या. ‘‘चंपाषष्ठी. खंडोबाच्या नैवेद्याला भरीत करायचं म्हणून ह्यांनी वांगं आणलं होतं, इथलं ते भोपळ्याएवढं. थँक्सगिव्हिंगचा आठवडा. ते तसंच राहिलं.’’

तेव्हा डेव्हनवर पटेल ब्रदर्सही नव्हतं. ते १९७४ चं.

मावशींनी बाटलीतलं पाणी दगडावर ओतलं आणि पदरानं टिपलं. नातू आरसा खाली ठेवून फोनवर लिहून घेत होता, रोमन अक्षरांत. ‘‘मार्गशीर्षचं स्पेलिंग काय, आजी?’’

‘‘आण इकडे,’’ त्या म्हणाल्या, ‘‘मराठीत काढून देते.’’