साम्राज्याच्या जमाखर्चातील आपली बाजू

मराठीत ऐतिहासिक कादंबरी म्हटली की छत्रपती, पेशवे, स्वाऱ्या आणि दरबार डोळ्यांसमोर येतात. पराक्रमाचे स्मरण गैर नव्हे; परंतु साम्राज्यशाहीने येथील शेतकऱ्याला, शिपायाला आणि मजुराला कसे राबविले, हे त्यात क्वचितच सापडते. मूळचे कोलकात्याचे व आता न्यूयॉर्कला स्थायिक झालेले अमिताव घोष यांची पुस्तके कार्यकर्त्यांनी वाचावीत ती याच कारणासाठी.

‘द ग्लास पॅलेस’ (२०००) या कादंबरीचा आरंभ १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतले तेथून होतो. पदच्युत राजा थिबा रत्नागिरीस आणला गेला आणि १९१६ मध्ये तेथेच वारला. त्याचा राजवाडा कोकणात सर्वांस ठाऊक आहे. त्याचे राज्य बुडविणाऱ्या फौजेत हिंदी शिपायांचा भरणा होता, हे मात्र आपण विसरतो. कादंबरीतील अनाथ राजकुमार ब्रह्मदेशात सागवानाच्या धंद्यात धनिक होतो. पण त्याआधी तो हिंदुस्थानातून मजूर भरून नेतो. जित आणि जेत्याचा हस्तक एकाच माणसात नांदतात.

‘सी ऑफ पॉपीज’ (२००८) या कादंबरीने सुरू होणाऱ्या त्रयीत गाझीपूरकडील अफूच्या शेतातली दीती गिरमिटियांच्या जहाजावर चढते, तर मुंबईचा पारशी व्यापारी बहराम मोदी कँटनमध्ये अफू विकतो. ‘स्मोक अँड अ‍ॅशेस’ (२०२३) हा ग्रंथ याच व्यापाराचा इतिहास सांगतो. बिहारात कंपनीची मक्तेदारी होती. शिंदे-होळकरांच्या माळव्यातील अफू मात्र देशी व्यापाऱ्यांच्या हाती राहिली आणि तिच्या नफ्यातून मुंबईचे भांडवल उभे राहिले. चीनवर नानकिंगचा तह लादला गेला १८४२ मध्ये. चीनच्या व्यापारात श्रीमंत झालेले जमशेटजी जीजीभाई ‘सर’ झाले तेही त्याच वर्षी. त्यांच्या दानातून उभ्या राहिलेल्या रुग्णालयाने असंख्य गरिबांना जीवदान दिले, हे खरेच. पण दानाच्या पावतीने मिळकतीचा हिशेब पुसला जात नाही.

परदेशात राहून इंग्रजीत लिहिणाऱ्याने हे आम्हांस शिकवावे काय, असा आक्षेप येईल. त्याचे उत्तर घोष यांच्या कृतीतच आहे. २००१ मध्ये त्यांनी राष्ट्रकुल पारितोषिकाच्या स्पर्धेतून ‘द ग्लास पॅलेस’ मागे घेतली. साम्राज्याच्या स्मृतीवर उभी असलेली आणि केवळ इंग्रजी लेखनास वाव देणारी ती चौकट त्यांना अमान्य होती.

मतभेदास जागा आहेच. माळव्यातील व्यापाऱ्यांच्या कर्तबगारीचे घोष यांना कौतुक वाटते. परंतु त्या नफ्यातले माळव्याच्या कुणब्याच्या पदरात काय पडले, हा समाजवाद्याचा पहिला प्रश्न असला पाहिजे. साम्राज्यशाहीला केवळ परक्यांचे पाप मानले की तिचे देशी भागीदार सहज निसटतात. गोरा धनी गेला, तरी मजूर भरून नेणारा मुकादम अजून आपल्याच गावात राहतो.