चिंध्यांचे काय करायचे?

कृष्णाचे बोट कापले आणि त्याने बांधायला चिंधी मागितली. सुभद्रेच्या घरात शालू होते, पैठण्या होत्या. चिंधी मात्र काही सापडेना. द्रौपदीने अंगावरचे भरजरी वस्त्र फाडून दिले. ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे आणि ऐकताना आपण सारे द्रौपदीच्या बाजूचे असतो. मला मात्र अलीकडे सुभद्रेचा हेवा वाटू लागला आहे. घरभर शोधूनही एक चिंधी मिळू नये, केवढे हे भाग्य! आमच्या घरी दार उघडले की पायात चिंधी येते.

याचे कारण सांगायला हवे. माझी आई ब्लाउज शिवते. वडगावच्या बाजूला आमचे घर आहे. गल्लीत मागांचा खडखडाट आणि घरात शिलाई मशीनचा. एका ब्लाउजमागे गळ्याचा गोल तुकडा निघतो, मुंढ्याचे दोन, बाहीचे कोपरे, शिवाय उरेब पट्टी कापल्यावर राहिलेले त्रिकोण. तितकेच पुन्हा अस्तराचे. दिवसाकाठी ही मूठभर कातरण. पण वर्षभराच्या मुठी एकत्र केल्या की दोन पोती होतात. ती माळ्यावर जातात. माळा भरला तेव्हा ती मधल्या खोलीत आली, आणि मधल्या खोलीत माझे टेबल होते. गेल्या परीक्षेचा सगळा अभ्यास मी स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्या मोजत केला.

यंदा दिवाळीच्या साफसफाईत सात पोती निघाली. एकात उंदराने बिऱ्हाड केले होते. आई म्हणाली, "घंटागाडीत घालू या सगळे." आजी उंबऱ्यातच बसली. "टाकतीस काय गे? कापड हाय ते!" एवढेच बोलली आणि पुढे दोन दिवस आईशी बोलली नाही. दोघींचेही मला पटत होते, म्हणून या विषयावर विचार करणे मला भाग पडले.

अशा वेळी कोणीही सहज सांगतो, "गोधडी शिवा की!" सांगणाऱ्याने गोधडी शिवताना पाहिलेली नसते. मी पाहिली आहे. माझी आजी आणि शेजारच्या अव्वा दुपारची जेवणे उरकून आमच्या सोप्यात गोधडी अंथरून बसत. आजी तिला वाकळ म्हणायची, अव्वा कौदी म्हणायच्या. (येथे दोन भाषा एका दोऱ्याने कशा जोडल्या गेल्या यावर भाषण करण्याचा मोह होतो. पण त्या दोघी टाक्यांच्या अंतरावरून भांडतही असत, तेव्हा ते राहू दे.) आधी चार-पाच जुनी लुगडी एकावर एक अंथरायची, सुरकुती काढायची, कडेने टाचायची. त्यावर तुकडे जुळवायचे आणि मग एका कडेपासून आत आत धावदोरा घालीत यायचे. गोधडीची ऊब या टाक्यांत आणि थरांत असते. एक गोधडी संपायला त्यांना दीड महिना लागे, आणि तिच्यावर आमच्या पोत्यातले अर्धे पोतेसुद्धा खपत नसे.

म्हणजे गोधडी ही मुळात चिंध्यांची नसतेच. ती लुगड्यांची असते. चिंधी फक्त वर दिसते. आतला जीव म्हणजे वर्षानुवर्षे नेसून, धुऊन, झिजून मऊ पडलेले सुती इरकल. ज्या घरात कापड कमी होते त्या घरात गोधडी जन्माला आली. आज घराघरांतल्या साड्या झिजत नाहीत, फक्त कंटाळवाण्या होतात. तुकडे पोत्यांनी आहेत आणि आत घालायला जुने लुगडे नाही! टंचाईने शोधलेला उपाय सुबत्तेच्या ढिगाला लावायला गेलो तर तो पुरा कसा पडणार?

त्यातून ढीगही पहिल्यासारखा राहिलेला नाही. आजी सांगते, तिच्या उमेदीत ब्लाउज म्हणजे खण नाही तर टू बाय टू. आज आईच्या पायाखाली जॉर्जेट, क्रेप, साटीन, जाळी आणि टिकल्यांचे कापड पडते. जॉर्जेटच्या कडेचे धागे निसटत जातात. दुमडून शिवले तरी टाका धरत नाही. सुती तुकड्याशेजारी ते जोडले तर पहिल्या धुण्यात सुती आटते, हे आटत नाही आणि सगळी वाकळ चुरगळून बसते. घामही टिपत नाही. उशीत भरावे तर धुतल्यावर गोळे होतात. या अनुभवानंतरही आपण "चिंधी" असा एकच शब्द दोघींना वापरतो, हीच पहिली चूक आहे असे मला वाटते.

माझे म्हणणे असे आहे की ढीग झाल्यावर विचार करण्यात अर्थ नाही. कात्री चालते तेव्हाच तो करावा. मशीनखाली एक पिशवी असते तेथे दोन ठेवाव्यात, एक सुतीची आणि एक बाकीची. शंका आली तर एक धागा ओढून जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळतो व राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. एवढे केले की निम्मा प्रश्न सुटतो, कारण सुती चिंधीला अजूनही मागणी आहे. आमच्याच गावात उद्यमबागेतल्या कारखान्यांना यंत्रांवरचे तेल पुसायला सुती कापड लागते. पॉलिएस्टर तेल नीट टिपत नाही. हातकागदाला सुती कातरणाचा लगदा चालतो. पुण्याला त्यासाठी १९४० साली हातकागद संस्था निघाली. आणि खानापूर ओलांडून हल्याळ-यल्लापूरकडे गेले की सिद्दी बायका आजही कवंद शिवतात. कडेपासून सुरू करून आत येणारे त्यांचे टाके पाहिले तर अव्वांची आठवण यावी. चारी कोपऱ्यांना त्या दुमडलेल्या तुकड्यांची फुले लावतात. फुले नसतील तर कवंद उघडीनागडी मानतात. त्यांच्या कवंदी परदेशांतल्या प्रदर्शनांत मांडल्या गेल्या आहेत.

उद्यमबागेचे नाव काढताच आजी चिडली. "ऑईल पुसायला कापड द्यायचं?" तिला तो कापडाचा अपमान वाटला. मला वाटत नाही. माळ्यावर उंदराच्या उपयोगी पडण्यापेक्षा कामगाराच्या हाताशी असणे पुष्कळ बरे. साठवण आणि काटकसर यांत आपण गल्लत करतो. काटकसर म्हणजे वापरणे. वापरायला हात नसताना राखून ठेवणे याला काय म्हणावे, ते आजीला विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

आता हातांविषयी. आमच्याकडे गिऱ्हाइके येतात आणि म्हणतात, "चिंध्या तुमच्याकडे आहेतच, एक गोधडी शिवून द्या की." किंमत सांगितली की चेहरा पडतो. बाजारात मिंक ब्लँकेट त्याहून स्वस्त मिळते म्हणे! कापड फुकटचे, म्हणून दीड महिन्याची मेहनतही फुकट, असा हा हिशेब. हीच मंडळी ब्लाउजच्या शिलाईला कुरकुरत का होईना, पण पैसे देतात. कारण कापड त्यांनी विकत घेतलेले असते. आपल्या सुशिक्षित समाजाला गोधडी हवी आहे ती भिंतीवर टांगायला, भाषणात उल्लेखायला, आजीची माया म्हणून. माया म्हटले की मजुरी द्यावी लागत नाही. दारोदार फिरून कौदी शिवून देणाऱ्या बायकांना चार दिवसांचे काम देताना घासाघीस करणारे लोक मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत. गोधडी टिकावी असे खरोखर वाटत असेल, तर तिची मजुरी दिवसांच्या हिशेबाने द्यावी.

"टाकाऊतून टिकाऊ" या स्पर्धांबद्दल थोडे बोलते. त्यात मी स्वतःही आहे. मी भाग घेतलेल्या अशाच एका स्पर्धेत निम्म्याहून अधिक मुलींनी नवे कापड विकत आणून त्याचे तुकडे केले, कारण घरच्या तुकड्यांचे रंग जुळेनात. सात पोत्यांच्या घरातून आलेल्या मीही कडेला लावायला अर्धा मीटर लाल पॉपलिन विकत घेतले. त्यातलेही उरले. ते आठव्या पोत्याची सुरुवात म्हणून घरी आले.

राहिली ती बाकीची पिशवी. जॉर्जेट आणि टिकल्यांची. तिच्यावर मला उपाय सापडलेला नाही, आणि सापडला आहे असे सांगणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. जाळू तर मुळीच नये. गल्लीत कोणी जाळले की त्या वासाने डोळे चुरचुरतात. येथे फक्त कमी कापड घेणे एवढेच हाती आहे. ऐंशी सेंटीमीटरमध्ये होणाऱ्या ब्लाउजला मीटरभर कापड का घ्यावे? ओटीत आणि हळदीकुंकवात फिरणारे ब्लाउजपीस तर शिवण्यासाठी नसतातच. ते या ट्रंकेतून त्या ट्रंकेत प्रवास करतात. त्याऐवजी नारळ पुरे नाही का? आई म्हणते, "सगळ्यांनी तुझं ऐकलं तर माझं मशीन बंद पडायचं." तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. माझी फी त्याच मशीनवर निघाली आहे.

सात पोत्यांचे शेवटी असे झाले. आजी आणि मी पाच दिवस बसून निवड केली. तीन पोती सुती निघाली. ती आजीची समजूत घालून एका कारखान्याला दिली. उंदराचे पोते गेले. एकातले चांगले मोठे तुकडे आजीने स्वतःसाठी काढून घेतले. तिला आता सुईत दोरा ओवता येत नाही, म्हणून कॉलेजला निघण्यापूर्वी मी दहा सुया ओवून तिच्या उशीला टोचून ठेवते. टेबल पुन्हा मधल्या खोलीत आले आहे. कृत्रिम कापडाची दोन पोती मात्र अजून माळ्यावर आहेत. कोणाला उपयोग असेल तर कळवावे. पोती आम्ही स्वतः आणून देऊ.