गड चढा, पण मागच्याला धरून

पाऊस सरला की शहापूरच्या माहुलीवर, मुरबाडच्या गोरखगड-सिद्धगडावर मित्रांच्या टोळ्या निघतात. चाळिशी उलटलेल्यांनीही जरूर जावे. मात्र मागे पडणाऱ्याची थट्टा करू नये, असे डॉक्टर म्हणून माझे स्पष्ट मत आहे. थट्टेच्या भीतीने माणूस छातीतले दुखणे पित्त म्हणून दडवतो. चढताना छाती आवळणे, कळ डाव्या हातात वा जबड्यात जाणे, बसल्यावर ती थांबणे, ही हृदयाला रक्त अपुरे पडत असल्याची खूण असू शकते. चढ तेथेच सोडा. नंतर कार्डिओग्राम ठीक आला तरी पुढील तपासणी टाळू नका. बसूनही कळ थांबली नाही, तर त्याला चालवू नका. १०८ ला फोन करा. सर्वांत हळू चालणाऱ्यास पुढे ठेवा, त्याच्या चालीने सारे चाला.