गुडघेदुखीचे मूळ रक्तवाहिन्यांत?

बंगळूरच्या एचएसआर लेआउटमध्ये नोकरीनिमित्त स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही आहेत. नातवंड झाले, की गावाकडची आजी दोन-तीन महिने मुक्कामाला येते. सकाळी आगरा तलावाच्या काठाने फेरी मारावी, अशी तिची फार इच्छा. पण गुडघे साथ देत नाहीत. क्ष-किरण तपासणीत झीज दिसते. गोळ्यांनी पित्त होते आणि सांधा बदलण्याची वेळ अजून आलेली नाही, असे डॉक्टर सांगतात. मग आजींनी दुखणे अंगावरच काढायचे का?

मुळात झीज आणि वेदना यांचे प्रमाण नेहमी सारखे नसते. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. निरोगी कूर्चेत रक्तवाहिन्याही नसतात आणि मज्जातंतूही नसतात. म्हणून ती स्वतः दुखत नाही. पण झीज होऊ लागली, की सांध्याच्या अस्तराला सूज येते. ती बरेच दिवस टिकली, तर तेथे नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि त्यांच्या सोबतीने वेदना नेणारे मज्जातंतूही वाढतात. या वाहिन्यांमुळे सूज टिकते आणि सुजेमुळे वाहिन्या वाढतात.

जपानचे डॉ. युजी ओकुनो यांनी नेमक्या याच वाहिन्यांवर उपचार केले. सौम्य ते मध्यम झीज असलेल्या १४ रुग्णांवरील अनुभव त्यांनी सहकाऱ्यांसह २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. यात फक्त जागेवर भूल देऊन जांघेतील धमनीतून अतिशय बारीक नळी गुडघ्यापर्यंत नेतात. रंगद्रव्य सोडले, की क्ष-किरणांच्या पडद्यावर नको असलेल्या वाहिन्यांचे जाळे डागासारखे उमटते. मग सूक्ष्म कण सोडून तेथील रक्तप्रवाह कमी करतात. मुख्य धमनीला धक्का लावत नाहीत.

मात्र याने झिजलेली कूर्चा भरून येत नाही. झीज पराकोटीची असेल, पाय वाकडा झाला असेल, तर सांधेबदलाचाच विचार करावा लागतो. नळी घातलेल्या जागी रक्त साकळणे, गुडघ्यावरील त्वचेचा रंग काही दिवस बदलणे, क्वचित जखम होणे, असे त्रास संभवतात. शिवाय नुसत्या नावापुरत्या केलेल्या प्रक्रियेशी तुलना करणाऱ्या काही अभ्यासांत दोन्ही गटांना जवळपास सारखाच आराम पडला. म्हणून हा पहिला उपाय नव्हे.

आधी घरचे उपाय नेटाने करावेत. खुर्चीत बसून पाय सरळ करावा, पाच आकडे मोजेपर्यंत धरावा व सावकाश खाली आणावा. असे रोज दहा वेळा केल्यास मांडीचे स्नायू बळकट होतात. वजन एक किलो उतरले, की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

काही महिने एवढे करूनही आराम पडला नाही, तरच अस्थितज्ज्ञ आणि इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट या दोघांचा सल्ला घ्यावा. मूत्रपिंडाचा विकार, रंगद्रव्याची अ‍ॅलर्जी किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील, तर आवर्जून सांगावे. असे किती उपचार आपण केले आणि किती जणांना वर्षभर आराम टिकला, हेही निःसंकोच विचारावे. ‘वयच झालं आता’ म्हणून दुखणे सोसत बसू नये, तसेच नवे आहे म्हणून घाईही करू नये.